योजना की बिल, हे भरतीच्या पहिल्या तासातच ठरते

महोदय,

'आधी डिपॉझिट भरा, योजनेचे उद्या बघू,' असे भरतीच्या काउंटरवर सांगितले जाते आणि घाबरलेले नातेवाईक पैसे भरून मोकळे होतात. इथेच घात होतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत, म्हणजे राज्य सरकारच्या मोफत उपचारांच्या योजनेत, खर्चाची परतफेड नाही. रोखीने भरलेले पैसे पावत्या दाखवून योजनेकडून मागता येत नाहीत. म्हणून पैसे काढण्याआधी आरोग्यमित्राचे, म्हणजे रुग्णांना मदत करणाऱ्या योजनेच्या माणसाचे, टेबल गाठावे. अंगीकृत, म्हणजे योजनेशी जोडलेल्या, रुग्णालयात ते असतेच.

२८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने संरक्षण दीड लाखावरून पाच लाखांवर गेले आणि पांढऱ्या शिधापत्रिकेसह सर्व कुटुंबे योजनेत आली. तरीही 'आमचे कार्ड पिवळे नाही' म्हणून परत फिरणारे आजही भेटतात. हे पाच लाख वर्षाला अख्ख्या कुटुंबाचे आहेत, माणशी नव्हेत. घरात एकाची बायपास आणि दुसऱ्याची केमोथेरपी त्याच वर्षी आली, तर शिल्लक किती उरली ते आरोग्यमित्राकडून आधी पाहून घ्यावे.

आरोग्यमित्राला विचारायचा प्रश्न नेमका हवा. 'इथे योजना आहे का?' एवढे पुरत नाही. रुग्णालयाला मान्यता विभागवार मिळते. हृदयरोगासाठी मान्यता असलेल्या ठिकाणी हाडांचे ऑपरेशन योजनेत बसेलच असे नाही. 'हा आजार, हे ऑपरेशन, याच रुग्णालयात योजनेत आहे का?' असे विचारावे. २०२३ च्या निर्णयाने यादी १३५६ उपचारांची झाली, पण यादीतले काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखून ठेवले आहेत. बाह्यरुग्ण विभागात दाखवून घेतलेली औषधे योजनेत येत नाहीत.

फाईल अडते ती बहुतेक वेळा कागदांवर. आधारवर 'सुनिता', शिधापत्रिकेवर 'सुनीता'. लग्नानंतर सुनेचे नाव सासरच्या पत्रिकेत चढलेले नाही. पत्रिकेला बारा अंकी ऑनलाइन क्रमांकच नाही. हे काम तहसीलच्या पुरवठा शाखेत होते आणि ते घरी सगळे धडधाकट असतानाच उरकायला हवे. अतिदक्षता विभागाच्या दारात उभे राहून ते होत नाही. रुग्ण अत्यवस्थ असेल तर फोनवरून तातडीची सूचना देऊन उपचार सुरू करता येतात, कागद मागाहून जोडता येतात. हे काउंटरवर कुणी आपणहून सांगत नाही.

योजनेची पूर्वमंजुरी मिळाल्यावर खाट, ऑपरेशन, भूल, तपासण्या, औषधे, इम्प्लांट आणि जेवण हे सगळे पॅकेजमध्ये, म्हणजे त्या उपचाराच्या ठरलेल्या एकरकमी दरात, धरलेले असते. त्यामुळे 'चांगल्या कंपनीची वस्तू वापरू, फरक भरा' ही मागणी बेकायदा आहे. अशा वेळी तिथूनच १५५३८८ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी आणि पैसे दिलेच असतील तर पावतीचा आग्रह धरावा. पॅकेजचे दर कमी आणि रक्कम उशिरा मिळते, ही रुग्णालयांची तक्रार आम्हाला मान्य आहे. पण त्याची वसुली रुग्णाच्या खिशातून करता येणार नाही.

खासगी बिलाचे गणित वेगळे. तिथे खोलीच्या दर्जाबरोबर पुष्कळदा डॉक्टरांची भेट, शल्यक्रिया आणि भूल यांचे दरही चढतात. मेडिक्लेम असूनही लोक अडकतात ते इथेच. समजा विमा तीन लाखांचा आणि खोलीभाड्याची मर्यादा त्या रकमेच्या एक टक्का, म्हणजे रोज ३,००० रुपये. रुग्णाने ६,००० ची खोली घेतली. खोली आणि डॉक्टरांशी निगडित खर्च १,२०,००० आला, तर मर्यादा घेतलेल्या खोलीच्या निम्मी म्हणून कंपनी त्यातले निम्मेच, ६०,००० मान्य करते. औषधे, तपासण्या, इम्प्लांट यांना ही कात्री लागत नाही. हातमोजे, मास्क यांसारख्या बाबी मात्र पुष्कळ पॉलिसींत रुग्णाच्याच माथी येतात. पॉलिसीतली खोलीभाड्याची ओळ वाचूनच खोली निवडावी.

योजनेत उपचार बसत नसेल, तर रुग्णालय धर्मादाय आहे का ते पाहावे. उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या २००६ च्या योजनेनुसार तिथे दहा टक्के खाटा निर्धन आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात. वार्षिक उत्पन्न १,८०,००० पर्यंत असेल तर उपचार मोफत, ३,६०,००० पर्यंत असेल तर सवलतीत. उत्पन्नाचा दाखला किंवा शिधापत्रिका घेऊन समाजसेवा अधीक्षकांना भेटावे, तेही बिल निघण्याआधी.

शासनाकडे आमची एकच मागणी आहे. भरतीच्या अर्जासोबत प्रत्येक रुग्णाला 'योजनेत आहे' किंवा 'योजनेत नाही, कारण अमुक' अशी सही-शिक्क्याची चिठ्ठी देणे अंगीकृत रुग्णालयांना सक्तीचे करावे. आज हा नकार तोंडी मिळतो आणि तोंडी नकारावर तक्रार उभी राहत नाही.

– रुग्ण साहाय्य कार्यकर्ते, सातारा