सोडलेल्या घोड्याला जायला जागा कुठं आहे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्या पेपरात मोकाट घोड्यांची बातमी आली होती, रस्त्याच्या कडेला दोन घोडे आणि एक शिंगरू, बरगड्या मोजता येतील अशी अवस्था, आणि शेवटी नेहमीची मागणी की मालकाला शोधून कारवाई करा. कारवाई करा, माझं त्याला काही म्हणणं नाही. पण असं सोडलेलं एक जनावर आम्ही सांभाळलंय आणि नंतर त्याचा मालकही बघितलाय, म्हणून लिहायला बसलो, जरा लांबलं तर सांभाळून घ्या.

आम्ही नेरळ-कर्जत पट्ट्यातले. २०२० चा जुलै महिना, लावणी चाललेली, सकाळी शेतावर गेलो तर बांधावर एक पांढरी घोडी उभी. माथेरानचे घोडे आम्ही लहानपणापासून बघतोय, ते आखूड, दणकट, डोंगर चढणारे. ही तसली नव्हती. शेपटीचं टोक मेंदीनं लाल, तुऱ्याचा पट्टा बांधून बांधून कपाळावरचे केस गेलेले, म्हणजे वरातीची घोडी होती हे कुणीही सांगितलं असतं. पाय चिखलात, मान खाली, माणूस जवळ गेला तरी हलेना.

ते वर्ष आठवा जरा. २५ मार्चला गुढीपाडवा होता आणि तोच लॉकडाऊनचा पहिला दिवस. एप्रिल-मे म्हणजे लग्नाची दाट तिथ, घोडेवाल्याचं वर्ष त्यावर चालतं, ती सगळी गेली. नंतर पन्नास माणसांत लग्नं व्हायला लागली, पण पन्नास माणसांत वरात कोण काढणार? ३ जूनला निसर्ग वादळ आलं, आमच्या रायगडात कितीतरी घरांचे पत्रे उडाले, आणि मागोमाग पावसाळा, म्हणजे धंदा पुढं तुळशीच्या लग्नापर्यंत बंदच. मंडपवाला बसला, बँडवाला बसला, सगळेच बसले. पण मंडपाचे बांबू गोडाऊनमध्ये पडून राहतात, ढोल खुंटीला टांगता येतो, घोड्याला मात्र रोज सकाळ-संध्याकाळ खायला लागतं, त्याला लॉकडाऊन कळत नाही.

आणि खायला किती लागतं ते आम्हाला तेव्हाच कळलं. तीनशे किलोचं जनावर म्हटलं तरी रोज सहा-सात किलो वाळलेला चारा, वीस-पंचवीस लिटर पाणी, काम करणारं असेल तर वर चणे, कोंडा. दीड-दोन महिन्यांनी खूर कापायला नालबंद, तो आमच्याकडे जवळपास कुठे मिळत नाही, माथेरानच्या घोडेवाल्यांकडं चौकशी करून बोलवावा लागला. आम्हाला दिवसाला अडीचशे रुपयांच्या वर खर्च येत होता, घरचा पेंढा धरून. घोडं पंचवीस वर्षं जगतं. ज्याच्या घरात तीन महिने रुपया आलेला नाही त्यानं हा हिशोब कसा जमवायचा?

पहिल्या दोन दिवसांत आमच्याकडून जे झालं ते मुद्दाम सांगतो, कारण हीच चूक चांगली माणसं करतात. घोडी उपाशी दिसते म्हणून सगळी वाडी तिला खायला घालायला लागली. भात, शिळ्या भाकऱ्या, ब्रेडचे पुडे, कुणी गूळ, पोरांनी बिस्किटं. दुसऱ्या रात्री ती जमिनीवर पडून लोळायला लागली, अंग घामानं थबथबलेलं, सारखी वळून पोटाकडं बघते. सरकारी दवाखान्यातले पशुवैद्यक भर पावसात मोटरसायकलवरून आले, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. ते म्हणाले घोड्याला उलटी होत नाही, पोटात गेलेलं परत बाहेर येत नाही, आणि बरेच दिवस उपाशी असलेल्या घोड्याला एकदम धान्य दिलं तर पोटशूळ तरी होतो नाहीतर चारी खूर आतून सुजतात आणि पाय टेकवत नाही. रात्रभर आम्ही आळीपाळीनं तिला धरून फिरवलं, पहाटे लीद पडली तेव्हा जीव भांड्यात पडला. त्यानंतर बरेच दिवस नुसतं वाळलेलं गवत, थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा, आणि पाणी. धनुर्वाताचं इंजेक्शनही त्यांनी लगेच दिलं, घोड्याला धनुर्वात फार पटकन होतो म्हणे, आणि हिच्या पायाला तारेच्या कुंपणानं जखम होतीच. लोकांना वाटतं सोडलेलं घोडं पावसाळ्यात रानात चरून जगेल. गाय एकवेळ जगेल, गावातली गुरं बघून त्यांच्याबरोबर जाईल. ठाणावर बांधून तोबऱ्यात खाल्लेलं घोडं उकिरड्यावर जातं, प्लॅस्टिक खातं, रात्री डांबरी रस्ता कोरडा म्हणून त्यावर येऊन उभं राहतं, आणि मग ट्रक.

मग आमच्या फेऱ्या सुरू झाल्या. एका कार्यालयात गेलो तर म्हणाले कोंडवाडा गुरांसाठी आहे, घोडा त्यात बसत नाही. घरी येऊन मुलानं मोबाईलवर कायदा काढला, १८७१ चा कॅटल ट्रेसपास अॅक्ट, त्यात गुरं म्हणजे काय त्याची यादीच आहे आणि त्यात घोडा, घोडी, शिंगरू, तट्टू, खेचर, गाढव, इतकंच काय हत्ती आणि उंटसुद्धा आहेत. प्रिंट घेऊन परत गेलो. साहेबांनी कागद वाचला, मान हलवली, आणि म्हणाले पण कोंडवाड्याचं छप्परच वादळात गेलंय. दुसऱ्या ठिकाणी सांगितलं मालकाचं नाव आणा, गुन्हा नोंदवू. जनावर उपाशी मरेल असं सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हाच आहे, पण पहिल्या गुन्ह्याला दंड किती, तर १० ते ५० रुपये! साठ वर्षांपूर्वीचा आकडा, अजून तोच. त्यात एक वेळचा तोबरा भरत नाही. गोशाळेत विचारलं, ते म्हणाले आमच्याकडे गाईंनाच जागा नाही, आणि ते खरंच होतं, मी डोळ्यांनी बघितलं. परळच्या हॉस्पिटलला सगळी मुंबई अजून बैलघोडा हॉस्पिटल म्हणते, १८८३ पासूनचं ते, पण ते आजारी जनावरासाठी, आणि त्या दिवसांत घोडी तिथवर न्यायची कशी?

मालक दिवाळीनंतर आला. कुणीतरी घोडीचा फोटो व्हॉट्सअॅपवर टाकला होता तो फिरत फिरत त्याच्यापर्यंत पोचला. तिशीतला पोरगा. कुंपणाच्या बाहेर उभा राहिला, आत येईना. घोडीनं आवाज ओळखला, खिंकाळली, तेव्हा त्यानं तोंड फिरवलं. मी त्याला बोललो, चांगलं बोललो, मुकं जनावर रात्री टेम्पोतून आणून सोडताना तुला काहीच वाटलं नाही का म्हणून. तो म्हणाला, "काका, विकायला काढली होती. एकच गिऱ्हाईक आलं, तो तिला वीटभट्टीवर नेणार होता, पाठीवर ओझं टाकायला. तिच्या पाठीला ते झेपलं नसतं. इकडं पाऊस आहे, गवत आहे म्हणून आणली." मी म्हटलं, अरे पण सांगायचं तरी कुणाला. तर म्हणाला, "कुणाला सांगायचं होतं, कुठं नेऊन द्यायची होती, तुम्ही सांगा ना."

मला सांगता आलं नाही. नऊ ठिकाणी स्वतः फिरून आलो होतो तरी सांगता आलं नाही. त्यानं केलं ते चूकच, मी अजूनही तसंच म्हणतो. पण त्या प्रश्नाला उत्तर नाही तोपर्यंत आपण ५० चे ५० हजार दंड केला तरी घोडी रात्रीच सोडली जाणार, उलट आणखी लांब नेऊन, आणखी अंधारात.

आणि हे एका लॉकडाऊनपुरतं नाही. धंदा बसला की घोडं आधी रस्त्यावर येतं. आयर्लंडमध्ये तेजीच्या काळात लोकांनी हौसेनं घोडे घेतले आणि २००८ च्या मंदीनंतर डब्लिनच्या आसपासच्या माळांवर सोडून दिले, तो तर श्रीमंत देश. आपल्याकडे २०१२ च्या पशुगणनेत देशात सव्वासहा लाख घोडे आणि तट्टू होते, २०१९ मध्ये ३ लाख ४० हजारच्या आसपास राहिले, सात वर्षांत जवळजवळ निम्मे. टांगे गेले, रिक्षा आल्या, ते व्हायचंच होतं. मुंबईच्या व्हिक्टोरिया घोडागाड्या हायकोर्टानं २०१५ मध्ये बेकायदा ठरवल्या, घोड्यांचे हाल बघता ते योग्यच झालं, २०२१ मध्ये विजेवरच्या गाड्याही आल्या. आता आमच्या डोक्यावर माथेरानला डिसेंबर २०२२ पासून ई-रिक्षा सुरू झाल्यात. म्हाताऱ्या माणसांची, शाळेच्या पोरांची सोय झाली, हातरिक्षा ओढणाऱ्यांची पाठ वाचली, मी त्याच्या बाजूनंच आहे. पण दस्तुरीला, जिथं गाड्या सोडून पुढं घोड्यावर बसतात तिथं, उभ्या असलेल्या त्या शेकडो घोड्यांचं पुढं काय हे कुणी आत्ता विचारतंय का? माणसाला दुसरा धंदा शिकवता येतो. अठरा वर्षांच्या घोड्याला काय शिकवणार?

माझ्या चुलत्यांना एकदा भात कापताना फुरसं, म्हणजे विषारी साप, चावलं होतं. ते वाचले सापाच्या विषावरच्या लसीमुळे, आणि ती लस घोड्याच्या रक्तापासून बनते, पिंपरीला हाफकिन या लस बनवणाऱ्या संस्थेचे घोडे त्यासाठीच आहेत. आमच्या पट्ट्यात असं एकही गाव नसेल जिथं त्या लसीनं माणूस वाचला नाही. तेव्हा घोडा म्हणजे बड्यांचा शौक, आपल्याला काय त्याचं, असं म्हणू नये एवढंच.

मागणं फार मोठं नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारनं गोशाळेतल्या देशी गाईला दिवसाला ५० रुपये अनुदान ठरवलं, चांगलं केलं. तसंच जिल्ह्यात एखाद्या गोशाळेला किंवा पांजरपोळाला दहा घोड्यांची शेड आणि चाऱ्याचे पैसे द्या, आणि मालकानं दिवसाढवळ्या घोडं आणून दिलं तर त्याला गुन्हेगारासारखं न वागवता पावती द्या. दुष्काळात गुरांच्या चारा छावण्या आपल्याच राज्यात लागतात, तशी धंदा बंद पडल्यावर घोड्यांना तीन-चार महिने चाऱ्याची मदत मिळाली तर निम्मे घोडे सोडलेच जाणार नाहीत, कारण मालकाला ते सोडायचे नसतातच. आणि जिथं घोड्यांना लायसन्स आहे तिथं प्रत्येक फेरीमागं पाच-दहा रुपये घोड्याच्या म्हातारपणासाठी बाजूला काढा, टुरिस्ट खुशीनं देतील, घोड्यावर बसून फोटो काढायला देतातच की.

घोडी अजून आमच्या शेजाऱ्यांच्या गोठ्यात आहे, म्हशींच्या रांगेत शेवटची. तो पोरगा आता टेम्पो चालवतो, दसऱ्याला येतो, तिला खरारा करतो, हार घालतो, जाताना पोतंभर कोंडा ठेवून जातो. परत ने असं मी त्याला म्हटलं नाही आणि त्यानंही विचारलं नाही.

तुमच्या वार्ताहरांना एवढंच सांगा की पुढच्या वेळी अशी बातमी करताना जिल्ह्याच्या पशुसंवर्धन खात्याला विचारा, घोडं सांभाळणं जमेना झालं तर मालकानं ते कुठं नेऊन द्यायचं, आणि जे उत्तर मिळेल ते पत्त्यासकट छापा.

आपला,
एक वाचक, कर्जत तालुका