कॅलेंडरची पाने मागून घेणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

आपले नाव या पत्रात मुद्दामच लिहीत नाही, कारण विचारले असते तर आपण नकोच म्हणाला असता. महानगरपालिकेच्या ज्या रुग्णालयातील सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळेत आपण काम करता, तिथवर रुग्ण सहसा पोहोचत नाही; पोहोचते ती त्याच्या थुंकीची, लघवीची किंवा रक्ताची बाटली. वॉर्डातल्या डॉक्टरांना पेढे मिळतात, सिस्टरांना दिवाळीला फराळ मिळतो. प्रयोगशाळेच्या वाट्याला फक्त ‘रिपोर्ट अजून का नाही?’ हा प्रश्न येतो. म्हणून हे पत्र सर्वांना वाचता येईल असे लिहिले आहे.

माझ्या धाकट्या मुलाला जन्मापासून अ‍ॅगॅमाग्लोब्युलिनेमिया आहे. अमेरिकी लष्करातील डॉक्टर ऑग्डेन ब्रुटन यांनी १९५२ साली आठ वर्षांच्या एका मुलात या आजाराचे वर्णन केले आणि १९९३ साली त्यामागचे जनुक सापडले. या मुलांच्या शरीरात अँटिबॉडी बनवणाऱ्या बी-पेशी परिपक्व होत नाहीत, त्यामुळे अँटिबॉडी, म्हणजे जंतूंशी लढणारी प्रथिने, जवळजवळ तयारच होत नाहीत. दोष एक्स गुणसूत्रावर असल्याने तो बहुतेक वेळा आईकडून मुलाकडे येतो. हे वाक्य ज्या दिवशी माझ्या पत्नीने ऐकले, त्या दिवसापासून ती कोणाच्याही चढ्या आवाजापुढे मान खाली घालू लागली. हे इथे सांगण्याचे कारण पुढे येईल.

आयव्हीआयजी, म्हणजे शिरेतून दिल्या जाणाऱ्या तयार अँटिबॉडी, सुरू झाल्यावर न्यूमोनियाचे जीवघेणे झटके थांबले. अनोळखी हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून बनलेले ते औषध दर काही आठवड्यांनी त्याच्या शिरेतून जाते, आणि त्या दात्यांचे ऋण तर फेडणेच शक्य नाही. खोकला मात्र गेला नाही. त्या बाटलीत जवळजवळ सगळी आयजीजी या प्रकारची अँटिबॉडी असते आणि श्वासनलिकांच्या अस्तरावर काम करणारी आयजीए ही दुसऱ्या प्रकारची अँटिबॉडी तिच्यातून मिळत नाही, ही गोष्ट आम्हाला आपल्याकडून कळली. रक्त सुरक्षित झाले तरी श्वासनलिका उघड्याच राहिल्या. त्या रुंदावून सैल पडल्या, त्यांत कफ साचू लागला आणि त्या कफात स्यूडोमोनास एरुजिनोसा नावाचा जंतू येऊन राहिला.

पुढची वर्षे आम्ही ज्या पायऱ्या चढलो त्यांतल्या काही संगमरवरी होत्या. तिथल्या एका मोठ्या डॉक्टरांनी फाइल न उघडताच निष्कर्ष काढला होता: ‘कोर्स अर्धवट सोडता, म्हणून जंतू परत येतो.’ पत्नीने पिशवीतून औषधांच्या नोंदी असलेली कॅलेंडरची पाने काढली, तेव्हा त्यांनी हात हलवून ती आत ठेवायला सांगितली. दुसऱ्या एका ठिकाणी घरातील स्वच्छतेची चौकशी झाली. एका खासगी प्रयोगशाळेने दुसऱ्याच दिवशी ‘रोगजंतू आढळले नाहीत’ असा सुबक छापलेला रिपोर्ट दिला आणि मुलगा घरी हिरवा कफ काढत राहिला. माणूस घाईत असू शकतो, हे मी समजू शकतो. पण घाईतल्या माणसाने निदान समोरच्या आईवर आरोप करू नये.

आपण आधी काय केलेत, तर त्याच्या थुंकीतले जंतू वाढवायला लावलेली प्लेट फेकली नाहीत. रुग्णाला अँटिबॉडीची कमतरता आहे असे फॉर्मवर लिहिलेले वाचून आपण ती इन्क्युबेटरमध्ये आणखी काही दिवस ठेवलीत आणि मग आम्हाला बोलावलेत. ट्यूबलाइटखाली दोन प्लेट शेजारी शेजारी ठेवून आपण झाकणाबाहेरूनच आम्हाला दाखवल्या. एक त्याच्या जुन्या नमुन्यातले, ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांवर जपलेले जंतू पुन्हा वाढवलेली: चपट्या, कडा विस्कटलेल्या कॉलनी (जंतू वाढून झालेले ठिपके) आणि सगळ्या माध्यमात पसरलेला हिरवट रंग. दुसरी ताज्या थुंकीची. तिच्यात रंग जवळजवळ नव्हताच. काही कॉलनी पाण्याच्या थेंबासारख्या फुगीर आणि बुळबुळीत, प्लेट कलती केली की एकमेकींत ओघळणाऱ्या. आणि त्यांच्या मधल्या जागेत, नीट पाहिल्याशिवाय दिसणार नाहीत अशा टाचणीच्या टोकाएवढ्या काही, ज्या पहिल्या दिवशी उगवल्याच नव्हत्या. ‘हे दोन वेगळे जंतू नाहीत. हाच तो, इतकी वर्षे तुमच्या मुलात राहून असा झालेला,’ असे आपण म्हणालात.

मी विचारले, म्हणजे तो शिकला का? आपण लगेच दुरुस्त केलेत की जंतू काही शिकत नाही. विभाजन होताना त्याच्या डीएनएमध्ये चुका होत राहतात, बहुतेक चुका निरुपयोगी किंवा घातक असतात, पण ज्या थोड्या चुका त्या जागी टिकायला मदत करतात, त्या असलेले जंतू उरतात आणि वाढतात. निरोगी माणसात हा खेळ लांबत नाही, कारण अँटिबॉडी जंतूवर खूण करतात आणि पांढऱ्या पेशी त्याला संपवतात. ती खूणच नसेल तर त्याला वर्षानुवर्षांची मुदत मिळते. एमयूसीए नावाचे जनुक बिघडले की तो अल्जिनेटचा चिकट थर बेसुमार बनवू लागतो, ज्यात पांढऱ्या पेशींना त्याला गिळणे आणि औषधांना आत शिरणे दोन्ही कठीण जाते. पोहण्यासाठी लागणारी शेपटी तो टाकून देतो, कारण कुठे जायचेच नसते आणि शरीर तिच्यावरूनही त्याला ओळखते. हल्ल्याची हत्यारे, म्हणजे पेशींमध्ये विष टोचणारी यंत्रणा आणि आपसातले रासायनिक संदेश ओळखणारे एलएएसआर जनुक, अनेकदा बंद पडतात. चाळीतल्या पागडीच्या जुन्या भाडेकरूसारखे हे झाले: भांडण नाही, आवाज नाही, पण जागा सोडण्याचे नावही नाही.

घरी येऊन मी यावर मिळेल ते वाचले. यातले बरेचसे ज्ञान सिस्टिक फायब्रोसिस या, फुप्फुसात दाट कफ साचणाऱ्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांकडून आले आहे. तो आजार वेगळा, पण फुप्फुसातल्या जंतूची कहाणी पुष्कळ जुळते. एकाच मुलाच्या सहाव्या आणि शहाण्णवाव्या महिन्यातील स्यूडोमोनासचे संपूर्ण जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, ताडून पाहणाऱ्या संशोधकांना त्यांत ६८ बदल सापडले होते. तो शोधनिबंध २००६ सालचा आहे. त्याआधी, २००० साली, स्पेनमधील संशोधकांनी दाखवले होते की अशा ३० रुग्णांपैकी ११ जणांत डीएनएच्या चुका दुरुस्त करण्याची यंत्रणाच बिघडलेले, म्हणजे झपाट्याने बदलणारे जंतू होते, तर तात्पुरत्या संसर्गाच्या ७५ रुग्णांत एकाकडेही नव्हते. साल्मोनेला या आतड्याच्या जंतूचेही तसेच. इंटरल्यूकिन-१२ या, प्रतिकारशक्तीच्या पेशी एकमेकींना पाठवतात त्या रेणूचा संदेश स्वीकारण्याची क्षमता जन्मतः नसलेल्या एका रुग्णात तो अनेक वर्षे राहिला आणि तिथेच त्याची दुरुस्ती-यंत्रणा बिघडून एकेक जनुक निकामी होत गेले, असा निबंध २०१६ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे आमच्या घरात जे घडले ते जगात इतरत्रही घडते आणि त्याला आईचा निष्काळजीपणा लागत नाही.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो ती गोष्ट. प्लेट दाखवून झाल्यावर आपण पत्नीला खुर्ची दिलीत आणि विचारलेत, ‘ताई, औषधं कधी कधी चालू होती, काही लिहून ठेवलंय का?’ तिने भीत भीतच पिशवी उघडली. दर वर्षीच्या कालनिर्णयची पाने तिने फाडून जपली होती. दुधाच्या हिशेबाशेजारी, संकष्टीच्या चौकोनात, बारीक अक्षरात ‘सिप्रो चालू’, ‘ताप १०१’, ‘कफ हिरवा’, ‘सिप्रो संपले’. सिप्रो म्हणजे सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक. आपण ती सगळी मागून घेतलीत. आपल्या रजिस्टरमधल्या नमुन्यांच्या तारखांखाली पट्टी धरून एकेक ओळ ताडून पाहिलीत आणि एका जागी बोट ठेवून म्हणालात, ‘हे बघा, या कोर्सनंतरच्या नमुन्यात पहिल्यांदा सिप्रोला न जुमानणारी कॉलनी दिसते. तुम्ही कोर्स पूर्ण केलात म्हणूनच मला हे इतकं स्वच्छ दिसतंय.’ ताज्या नमुन्यातल्या निरनिराळ्या दिसणाऱ्या कॉलनींची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे कोणत्या औषधाला दाद देते याची चाचणी, आपण वेगवेगळी लावली होती, आणि एकाच थुंकीतली एक सिप्रोफ्लॉक्सासिनला दाद देत होती, दुसरी देत नव्हती. आधीचे रिपोर्ट कोणत्या तरी एका कॉलनीवरून तयार झाले होते, एवढाच काय तो उलगडा.

पाने परत मिळाली ती झेरॉक्स काढून, सालवार लावून, दोऱ्याने बांधून. फायलीसाठी त्यांना भोके पाडली नव्हती. केस पेपरवर आपण इंग्रजी नोंदीखाली मराठीत एक ओळ लिहिलीत, की रुग्णाने औषधे नियमित घेतली आहेत. ती ओळ मराठीत कोणासाठी होती, हे डॉक्टरांना कळो न कळो, आम्हाला कळले. तेव्हापासून कोणत्याही दवाखान्यात पत्नी आधी ते पान पुढे करते आणि मग बोलते. तिचा आवाज परत आला आहे.

मुलगा बरा झाला असे मी म्हणणार नाही. इतके रुळलेले जंतू पूर्णपणे निघून जाणे अवघड असते, हे आपणच सांगितले होते. आता नेब्युलायझरमधून टोब्रामायसिन हे अँटिबायोटिक आणि रोज सकाळ-संध्याकाळ कफ काढण्याचा व्यायाम चालू आहे. छातीचे डॉक्टर आपल्या रिपोर्टवरून औषध ठरवतात आणि यंदा पावसाळ्यात त्याला दाखल करावे लागले नाही. तो पुन्हा कामावर जातो, ठाण्याहून लोकलने, गर्दीची वेळ टाळून.

या शहरात हुशार माणसांची कमतरता नाही. पण दुसऱ्याने, त्यातही घर सांभाळणाऱ्या एका बाईने, पेनाने लिहून ठेवलेली नोंद आपल्या रजिस्टरच्या तोडीची मानणे हे हुशारीच्या पलीकडचे आहे. ते माझ्या ओळखीच्या एका बस कंडक्टरकडे आहे, आमच्या गल्लीतल्या औषधवाल्याकडे आहे आणि ज्यांच्या केबिनबाहेर आम्ही तासन् तास बसलो त्यांतल्या बऱ्याच जणांकडे नव्हते. आपल्यासारखी माणसे उपकार केल्याच्या आविर्भावात वागत नाहीत, त्यामुळे ती लक्षात यायलाही वेळ लागतो.

पुढच्या महिन्यात नमुना द्यायला आम्ही येऊ. पत्नीने पुरणपोळ्या करायचे ठरवले आहे. प्रयोगशाळेत खाण्याचे काही नेता येत नाही हे मी तिला सांगितले आहे, तेव्हा डबा बाहेर रिपोर्टच्या खिडकीवर आपल्या नावाने ठेवू. कृपया परत पाठवू नये.

आपला कृतज्ञ,
एका रुग्णाचा बाप