ट्रिगरफिशच्या तोंडापासून टँक वाचवणाऱ्या दादांना

आदरणीय दादा,

खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये ट्रिगरफिश हा मासा ठेवायचं नाव काढलं की एक जण म्हणतो ‘घेऊच नका’, दुसरा म्हणतो ‘काटक मासा, त्याला काही होत नाही’. तुम्ही मात्र उलट विचारलंत: कोणता ट्रिगर, आणि टँक किती लिटरचा? नवख्यांचे मासे आणि पैसे दोन्ही त्या प्रश्नाने वाचतात. म्हणून हे जाहीर आभार.

ट्रिगरच्या जाती जवळपास 40. ब्लूथ्रोट आणि नायजर मुख्यतः पाण्यात तरंगणारं प्लवक टिपतात, त्यामुळे त्यातल्या त्यात सौम्य. पिकासो तळाशी फिरून खेकडे-शंख फोडतो. अनड्युलेटेडला एकटंच ठेवावं. क्लाउनचं पिल्लू देखणं आणि गरीब दिसतं, पण तो अर्ध्या मीटरपर्यंत वाढतो आणि मोठेपणी शेजाऱ्यांचे लचके तोडतो. ब्लूथ्रोट किंवा पिकासोला निदान 500 लिटर, क्लाउनला 1000 च्या पुढे, हा तुमचा हिशेब आता आम्हीही सगळ्यांना देतो. आणि कुठलाही ट्रिगर टँकमध्ये सर्वांत शेवटी सोडायचा, म्हणजे आधीचे मासे रुळलेले असतात.

दगडांच्या रचनेबद्दल तर तुमचे विशेष आभार. हा मासा तोंडाने पाण्याची पिचकारी मारून वाळू उडवतो. दगड वाळूवर रचले असतील तर खालची वाळू निघून जाते आणि एका रात्री सगळा डोलारा काचेवर येतो. म्हणून आधी दगड थेट तळावर बसवायचे, सांधे एपॉक्सी गोंदाने पक्के करायचे आणि मग भोवती 3 ते 5 सेंटिमीटर वाळू पसरायची. एक अरुंद बीळ हवंच. मासा त्यात शिरतो, पाठीचा काटा उभा करून स्वतःला अडकवून घेतो आणि झोपतो. नायजर कधीकधी आडवा पडूनही झोपतो. कल्ले संथ हलत असतील तर मेला म्हणून जाळी आणायला धावू नये.

काचेचा हीटर टँकमध्ये ठेवला की तो फोडणार किंवा वायर कुरतडणार. हीटर संपमध्ये (टँकला जोडलेल्या वेगळ्या टाकीत), पंपाच्या वायरी पाइपमधून, आणि वीजगळती होताच पुरवठा तोडणारा आरसीसीबी बसवलेला. यातली शेवटची गोष्ट लोक हमखास टाळतात, आणि हात पाण्यात घालणारे तेच असतात!

दात आयुष्यभर वाढतात. नुसती सोललेली कोळंबी दिली तर ते झिजत नाहीत, लांबतात, आणि मग माशाला नीट खाताच येत नाही. आठवड्यातून दोन-तीनदा कवचासकट कोळंबी, उघडलेला शिंपला किंवा खेकड्याचा पाय द्यावा. रोजचं खाणं दोन वेळा, दोन-तीन मिनिटांत संपेल इतकंच, आणि नेहमी चिमट्याने. बोट आणि शिंपला यांत हा मासा फारसा फरक करत नाही. खाणं जड म्हणून घाणही जास्त. त्यामुळे स्किमर (फेसाबरोबर घाण बाहेर काढणारं यंत्र) टँकच्या दुप्पट क्षमतेचा घ्यावा आणि दर पंधरवड्याला 15 ते 20 टक्के पाणी बदलावं. तापमान 25 अंश, विशिष्ट गुरुत्व (खारेपणाचं माप) 1.025, पीएच 8.1 ते 8.4, अमोनिया व नायट्राइट शून्य. नायट्रेट 20 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 20) आत राहिलं तर उत्तम.

पकडताना जाळी नको, हेही तुमचंच. पहिला काटा उभा राहिला की दुसरा त्याला खिळीसारखा अडवतो. मासा ओढला तर काटा किंवा कातडी फाटते. अडकलाच तर जाळी कात्रीने कापायची. त्यापेक्षा पारदर्शक डब्यात हाकलणं सोपं. नेताना पिशवीला भोक पडतं, म्हणून झाकणाची बादली बरी.

नव्या माशाला आधी वेगळ्या, तळाशी वाळू-दगड नसलेल्या टँकमध्ये ठेवून परजीवींवर तांब्याचं औषध द्यावं. आसऱ्याला पीव्हीसीचा तुकडा पुरे, कारण दगड आणि वाळू तांबं शोषून घेतात आणि मात्रा घसरते. चिलेटेड तांबं (पाण्यात टिकून राहणारं तांब्याचं औषध) दोन-तीन दिवसांत हळूहळू 2 ते 2.5 पीपीएमवर न्यायचं, रोज मोजायचं आणि सलग 30 दिवस टिकवायचं. मध्ये एक दिवस जरी पातळी खाली गेली तरी दिवसांची मोजणी पहिल्यापासून.

एका बाबतीत मात्र तुमचं म्हणणं थोडं आवरून सांगतो. कोरलच्या टँकमध्ये ब्लूथ्रोट चालतो, खरं आहे. कोरलला तो सहसा तोंड लावत नाही. पण क्लीनर कोळंबी आणि हर्मिट (शंखात राहणारे) खेकडे त्या ‘चालतो’मध्ये धरू नयेत, ते तो खाऊ शकतो.

तुमचे ऋणी,
खाऱ्या पाण्यात हात घातलेले आम्ही काही जण