इंजिन बदला, पण फ्रेमला गॅस कटर लावू नका

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पेपरात जुन्या येझदी मोटारसायकलचा फोटो आला होता, आपल्याच बेळगावच्या एका पोरानं तिच्यात पल्सरचं इंजिन बसवलंय म्हणून, खाली कौतुकाच्या चार ओळी. सकाळी चहाच्या टपरीवर तोच विषय, एक म्हणतोय काय डोकं चालवलंय बघ, दुसरा म्हणतोय चांगल्या गाडीचं वाटोळं केलं. मी तीस-बत्तीस वर्षं उद्यमबागेतल्या कारखान्यात लेथवर काढलेला माणूस, त्यात पण क्रँकशाफ्टच्या (पिस्टनची वर-खाली हालचाल गोल फिरवणारा इंजिनातला दांडा, त्यालाच आम्ही क्रँक म्हणतो) जॉबवरच जास्त, म्हणून दोघं पण वळले माझ्याकडं. तिथं अर्धवट बोललो, घरी येऊन पूर्ण लिहितोय. छापा, नाहीतर राहू दे.

एका कंपनीच्या गाडीत दुसऱ्या कंपनीचं इंजिन म्हणजे पाप, असं म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. अहो येझदी ज्या जावा गाडीवरनं आली, ते जावा हे नावच मुळात जोडलेलं आहे. यानेचेक म्हणून एक चेक कारखानदार होता, त्यानं १९२९ साली वांडरर या जर्मन कंपनीच्या ५०० सीसी गाडीचं डिझाइन घेतलं आणि दोन्ही नावांची सुरुवात जोडून जावा केलं. ती गाडी महाग पडली. मग १७५ सीसीची स्वस्तातली काढली तिच्यात तर सरळ इंग्लंडच्या विलियर्सचं इंजिन होतं, आणि त्याच गाडीनं कंपनी तारली. आमच्या बुलेटवाल्यांना तरी कुठं माहीत असतंय, एनफिल्डनं स्वतःच टॉरस नावाची डिझेल बुलेट विकली होती, तिच्यात ग्रीव्हज लोम्बार्डिनीचं ३२५ सीसीचं साडेसहा हॉर्सपॉवरचं इंजिन. कंपनीनं केलं तर मॉडेल आणि मेस्त्रीनं केलं तर जुगाड, असं कसं?

आणि ह्या खेळाचा बाप म्हणजे ट्रायटन. नॉर्टन ह्या इंग्लिश कंपनीची फेदरबेड नावाची फ्रेम, बेलफास्टच्या मॅककँडलेस भावांनी बनवलेली, १९५० ला रेसिंगमध्ये आली तेव्हा तिच्यासारखी वळणावर बसणारी फ्रेम दुसरी नव्हती. त्याच काळात तिकडं ५०० सीसीच्या छोट्या फॉर्म्युला थ्री कार रेसिंगवाल्यांना नॉर्टनच्या मँक्स ह्या रेसिंग मोटारसायकलचं इंजिन पाहिजे असायचं, कंपनी नुसतं इंजिन विकायची नाही, म्हणून हे लोक अख्खी गाडी घ्यायचे, इंजिन काढून कारमध्ये घालायचे आणि बाकीची गाडी कोपऱ्यात पडायची. त्या रिकाम्या फ्रेममध्ये पोरांनी ट्रायम्फ कंपनीचं ट्विन सिलिंडर इंजिन बसवलं. ट्रायम्फ आणि नॉर्टन मिळून ट्रायटन. विन्सेंट कंपनीचं बसवलं की नॉर्विन.

आता मेस्त्री लोकांनी इथं लक्ष द्यावं. ट्रायटनमध्ये साधारणपणे फ्रेम कापत नव्हते. जाड अॅल्युमिनियमच्या प्लेटा कापून, भोकं मारून, त्या फ्रेमच्या मूळ माउंटिंगला बोल्टनं बांधायच्या आणि इंजिन त्या प्लेटात. उद्या नको वाटलं की बोल्ट खोला, फ्रेम जशीच्या तशी. दुसरं म्हणजे तेव्हाच्या ट्रायम्फचं इंजिन वेगळं आणि गिअरबॉक्स वेगळा असायचा, त्यामुळं दोन्ही पुढं-मागं सरकवून साखळी सरळ करायला जागा मिळायची. आपली जुनी बुलेट पण तशीच, म्हणून तर गावोगावी पंपसेटची इंजिनं तिच्यात बसली. येझदीचं तसं नाही, इंजिन-गिअरबॉक्स एकच डबा. पल्सरचा पण एकच डबा. म्हणजे नवीन इंजिनाचं पुढचं स्प्रॉकेट, साखळी फिरवणारं दातेरी चाक, जिथं येईल तिथं येतंय, मागच्या चाकाच्या स्प्रॉकेटशी ते एका रेषेत आलं तर नशीब, नाहीतर अख्खं इंजिन बाजूला सरकवा, आणि सरकवायला जागा नसली की मग माणूस गॅस कटर हातात घेतोय.

साखळीचं एवढं का सांगतोय, तर मी स्वतः खाल्लंय त्यात. ९४-९५ साल असेल, उचगावकडचे एक शेतकरी लिलावातली बुलेट घेऊन आले, म्हणाले पेट्रोल परवडत नाही, डिझेल बसवून दे. तेव्हा अंगात मस्ती होती. पंपसेटचं एअरकूल्ड इंजिन आणलं, १० एमएमच्या प्लेटा केल्या, आठ दिवसात गाडी उभी. कॅम्पातनं चक्कर मारली तर लोक वळून वळून बघतायत, कारण आवाज आधी आणि गाडी मागनं. पण डिझेलचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा दाबायचं प्रमाण, सतरा-अठराला एक, बुलेटचं जुनं इंजिन सहा-सातला एक, तो दणका ती फ्रेम कधी सोसलेलीच नाही. महिन्यात हेडलाइटचे तीन बल्ब गेले, नंबर प्लेट दोन तुकडे झाली, इंडिकेटर कुठं पडला ते आजपर्यंत सापडलं नाही. हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण इंजिन ते क्लच ही प्रायमरी साखळी मी एक सूत तिरकी बसवली होती, मोजली होती पण नजरेनं, स्केलपट्टी लावायचा कंटाळा केला. जांबोटीच्या पुढं कणकुंबीच्या चढाला साखळी तुटली, वरचं कव्हर फोडून बाहेर आली, त्या काकांच्या पायापासून बोटभर अंतरावरनं. ते काही बोलले नाहीत. गाडी टेम्पोत घालून आणली आणि माझ्या दारात सोडून गेले. त्यानंतर मी कुणाच्या गाडीत दुसरं इंजिन बसवलेलं नाही, बसवू नका असं पण म्हणालो नाही, नुसती पट्टी लावून बघा म्हणतोय.

तर तुमच्या त्या फोटोकडं येतो. फोटो मोठा करून बघितला (नातवानं करून दिला). इंजिनाखालचा फ्रेमचा पाइप कापलेला आहे आणि तिथं अँगलचा तुकडा वेल्ड केलाय. वेल्डिंगवर पुट्टी, पुट्टीवर काळा रंग. त्या पाइपावर इंजिनाचं वजन असतंय आणि खड्ड्यात गाडी आपटली की पुढच्या काट्याचा धक्का पण तिथनंच मागं जातोय, आपल्याकडचे रस्ते तुम्हाला सांगायला नको. जुनी जावा बारा हॉर्सपॉवरच्या आसपासची गाडी, तिचे ड्रम ब्रेक त्या हिशोबाचे, त्याच घराण्यातली ही येझदी. आत नवीन ताकदीचं इंजिन घातलं आणि ब्रेक तेच ठेवले तर पळणार जोरात, थांबणार कशावर? बातमीत टॉप स्पीड छापलाय, ब्रेकबद्दल अक्षर नाही. बरं, येझदीला सायलेन्सर दोन, पल्सरच्या इंजिनाला पाइप एक, म्हणजे दुसरा सायलेन्सर नुसता शोभेला! पोकळ. ते बघून मला खरं सांगतो हसू पण आलं आणि वाईट पण वाटलं.

त्या पोराचं म्हणणं बातमीत होतं की मूळ इंजिनाचे पार्ट मिळत नाहीत, क्रँक गेला होता, म्हणून केलं. हे वाक्य मला लागलं. येझदी कुठली, म्हैसूरची, आपल्याच राज्यातली. १९६१ पासून जावा, १९७३ पासून येझदी नावानं, १९९६ ला कारखाना बंद. आणि बेळगाव काय बनवतं? क्रँकशाफ्ट बनवतं, कास्टिंग बनवतं, हायड्रॉलिक्स बनवतं. उद्यमबाग, मच्छेला जाऊन शेड शेड फिरा, हातगाडीवर क्रँक चाललेले दिसतील. तिथनं पाच किलोमीटरवर राहणारा पोरगा म्हणतोय क्रँक होत नाही! येझदीचा क्रँक दाबून बसवलेला असतोय, प्रेसवर खोलायचा, बिग एंडचं, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाचं, बेअरिंग आणि पिन नवीन घालायची, रॉड बघायचा, परत दाबायचा आणि सेंटरवर धरून डायल गेज लावून सरळ करायचा. टू स्ट्रोक आहे म्हणून क्रँककेस हवाबंद पाहिजे, दोन्ही बाजूचे ऑइल सील बदलायचे, हे विसरले की मग गाडी एकदा स्टार्ट होते एकदा होत नाही आणि लोक म्हणतात येझदी बेकार. सिलिंडर रिबोअर, म्हणजे आतनं थोडा मोठा करायचा, आणि त्याच्या मापाचा ओव्हरसाइज पिस्टन. ह्यात जादू काही नाही, संयम लागतोय आणि माणूस ओळखीचा लागतोय.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतंय की आरसीवर जे लिहिलंय आणि कंपनीनं जे दिलंय त्याच्यापेक्षा गाडी वेगळी करायची नाही, आणि जानेवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टानं पण तेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत अशा प्रत्येक बदलाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आली. आपण बॉर्डरवरची माणसं, इथं गाडी केए २२ ची असली तरी उद्या घेणारा कोल्हापूरचा एमएच ०९ वाला निघतोय, परवा गोव्याचा. एनओसी काढायला गेलं की इंजिन नंबर बघणार, आरसीवर एक आणि इंजिनावर दुसरा. तिथं बसून रडायचं. आणि सगळ्यात मोठं नुकसान पोरांना माहीतच नाही. जुलै २०२१ पासून पन्नास वर्षं झालेल्या गाडीला व्हिंटेज म्हणून वेगळं रजिस्ट्रेशन मिळतंय, नंबरात व्हीए येतंय, नवीन रजिस्ट्रेशनची फी वीस हजार. पण अट आहे की चेसिस, इंजिन मूळचं पाहिजे, मोठा बदल केलेला चालत नाही. पहिल्या येझदी १९७३ च्या, त्यांची पन्नाशी आत्ता झालीय. नेमकं आत्ताच त्यांना कापायला घेतलंय.

ज्याला बसवायचंच आहे त्यानं रेसट्रॅकवर नाहीतर स्वतःच्या शेतात फिरवायला बसवावं, प्लेटा बोल्टनं बांधाव्यात, ब्रेक बदलावेत, मूळ इंजिन तेल लावून पोत्यात बांधून माळ्यावर ठेवावं. आणि तुम्ही पेपरवाल्यांनी पुढच्या वेळी असा फोटो छापताना नुसतं शाबास लिहू नका, फ्रेम कापली का आणि ब्रेक कुठले एवढं विचारा.

त्या पोराचं जुनं इंजिन अजून भंगारात गेलं नसेल तर त्यानं तुमच्या ऑफिसातनं माझा पत्ता घ्यावा. क्रँक मी करून देतो, बेअरिंग-पिन त्यानं आणायची, मजुरी नको. रविवारी सकाळी आला तर बरं, दुपारी मी झोपतो.

आपला,
एक जुना टर्नर, शहापूर, बेळगाव