लाल रेघेला अहिराणी येत नाही

भाऊ,

स.न.वि.वि.

हे पत्र तुमच्या दुकानात आणून देता आलं असतं. पण तुम्ही ते घडी करून गल्ल्यात ठेवलं असतं आणि "बाई, त्यात काय एवढं" म्हणत पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला असतात. म्हणून चार लोकांसमोर लिहिते आहे.

मागच्या वर्षी उन्हाळ्यात मी हजेरीच्या तक्त्यांच्या प्रिंट काढायला आले होते. तुम्ही लग्नपत्रिका जुळवत होतात. मी सहज बोलून गेले की शाळेत तीन संगणक आहेत, चालतो एक, आणि त्यावर मुलं पेंटमध्ये घर काढतात, स्वतःचं नाव टाइप करतात, की तास संपतो. तुम्ही विचारलंत, "मुलं स्वतःचं काही लिहितात का?" मी म्हटलं, निबंध लिहितात, 'माझा आवडता प्राणी'. २२ वह्यांत एकच गाय. त्यावर तुम्ही म्हणालात, "मग संगणकावर घेतली तरी गाय तीच राहील." ते वाक्य मला लागलं. लग्नसराई संपली आणि आषाढातल्या पहिल्या शनिवारी, सकाळच्या शाळेला, तुम्ही मोटरसायकलवरून हजर झालात.

मला वाटलं होतं, तुम्ही आधी की-बोर्ड शिकवाल. तुम्ही तर महिनाभर संगणकाला हातच लावू दिला नाहीत. आधी गोष्ट, तीही पेन्सिलीनं, वहीत. चौथीतलं मूल 'ख' कुठे आहे ते शोधायला लागलं, की डोक्यातलं वाक्य निसटून जातं. हे मला, पंधरा वर्षं शिकवणाऱ्या बाईला, कळायला हवं होतं. मग जोड्या लावल्यात: एकानं वहीतून वाचायचं, दुसऱ्यानं टाइप करायचं, दहा मिनिटांनी अदलाबदल.

'कि' टाइप करताना वेलांटी आधी की क आधी, यावर पहिल्याच दिवशी भांडण झालं. वहीत काही मुलं वेलांटी आधी काढतात. तुम्ही म्हणालात, "बोला बरं मोठ्यानं. आधी काय ऐकू येतं?" "क!" "मग आधी क." इनस्क्रिप्ट की-बोर्डची मांडणी त्यांना अशी कानानं कळली. जोडाक्षरांचं तर सोनंच झालं. 'लक्ष्मी' कायम 'लक्षमी' लिहिणाऱ्या मुलाला क, पाय मोडायचा, ष, पुन्हा पाय मोडायचा, म, मग दीर्घ वेलांटी, असं एकेक कळ दाबत शब्द उभा राहताना दिसला. त्यानंतर वहीतही तो चुकला नाही. 'दुसऱ्या'तला र मात्र रफार होऊन डोक्यावर बसायचा. तेव्हा शिफ्ट दाबून येणारा नुक्त्याचा ऱ तुम्ही दाखवलात. तो मलाही ठाऊक नव्हता.

दुकानात तुम्ही पत्रिका जुन्या फाँटमध्ये करता, पण मुलांना पहिल्या अक्षरापासून युनिकोड दिलंत. जुन्या फाँटमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की नुसती चित्रविचित्र चिन्हं दिसतात. "यांचं लिहिलेलं कुठेही उघडलं पाहिजे," एवढंच म्हणालात.

एका मुलाची गोष्ट आठवते का? कानबाईच्या सणाच्या दिवशीची. सकाळी उठलो, दात घासले, अंघोळ केली, अशा आठ ओळी, आणि नवव्या ओळीत नैवेद्याचे रोट करताना आजी घसरून पडते. मी असते तर लाल पेनानं आठ ओळी खोडल्या असत्या. तुम्ही त्याला मोठ्यानं वाचायला लावलंत आणि विचारलंत, "कुठे पोचल्यावर आम्ही कान टवकारले?" तो म्हणाला, "आजी पडली तिथे." मग ती ओळ निवडून, कंट्रोल एक्स, कंट्रोल व्ही करून त्यानं स्वतः वर नेली. दात घासणं तळाशी राहू दिलंत, लागलं तर असू दे म्हणून. वहीत त्याला सगळं पुन्हा लिहावं लागलं असतं आणि त्यानं ते केलं नसतं. पुढच्या शनिवारी त्यानं आपणहून त्यातल्या सहा ओळी काढल्या. संगणकाचा लेखनाला नेमका काय उपयोग, ते मला त्या दिवशी समजलं.

आणि ती मुलगी. 'मन्ही माय वावरमा जास' असं तिनं घरच्या अहिराणी बोलीत टाइप केलं आणि शब्दांखाली लाल नागमोडी रेघ आली. तिचा हात थांबला. पुसायलाच निघाली होती. तुम्ही म्हणालात, "चूक तुझी नाही. त्या लाल रेघेला अहिराणी येत नाही." आणि संगणकाची ती शुद्धलेखन तपासणीच बंद करून टाकलीत. मी इतकी वर्षं वर्गात त्या लाल रेघेचंच काम करत होते, भाऊ. हे लिहिताना मन जड होतं, पण खरं आहे.

त्या मुलीनं पुढे आजीकडून ऐकलेली आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, गोष्ट उतरवली. खाली ओळ घालायला तुम्ही सांगितलीत: 'सांगणारी आजी, टंकणारी नात.' आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. त्यांच्या मुलानं, सोपानदेवांनी, आणि सोपानदेवांच्या मावसभावानं ओव्या टिपून ठेवल्या, म्हणून बहिणाबाई गेल्यावर, १९५२ साली, त्या छापून आल्या. शेजारच्या अमळनेरला साने गुरुजी वसतिगृहातल्या मुलांसाठी हातानं लिहून दैनिक काढायचे. आपल्या मातीत हे काम जुनंच आहे, हे मी मुलांना सांगते तेव्हा तुमचाही उल्लेख करते. रागावू नका.

मुलांच्या गोष्टींचा अंक १६ पानांचा झाला. चार कागद, दोन्ही बाजू छापून, मधून घडी. पहिल्या पानाशेजारी सोळावं का येतं, यावर मुलांनी एक अख्खी मधली सुट्टी घातली आणि शेजारच्या पानांची बेरीज दर वेळी १७ येते हे शोधून काढलं. कागद तुमचा, शाई तुमची. पैसे विचारले तर तुम्ही हेल्मेट घालून निघून गेलात.

यंदा नवी चौथी आहे. कापूस वेचणीला पोरं घरी राहायला लागतील, त्याआधी अंक काढायचा ठरलंय. सोळावं पान त्यांनी रिकामं ठेवलंय, तुमच्यासाठी. आजवर तुम्ही दुसऱ्यांच्या पत्रिका आणि अर्ज जुळवलेत, आता स्वतःचं काही लिहून द्या. पेन्सिलीनं, कागदावर. टाइप मुलं करतील.

आपली बहीण,
चौथीच्या बाई