सहकुटुंब धाव : पैशांआधी माणसं हवीत

जानेवारीच्या शेवटच्या रविवारी, पहिली मिस्सा आटोपली की साडेसात वाजता चर्चच्या पटांगणातून सहकुटुंब धाव निघेल. मोठ्यांसाठी 3 किलोमीटर, आठ वर्षांखालच्या मुलांसाठी पटांगणालाच 2 फेऱ्या. प्रवेश फी नाही आणि धर्माची अटही नाही. वसईच्या या पट्ट्यातल्या सगळ्या आळ्यांनी यावं. पहिला-दुसरा नंबर काढणार नाही. आजीनं नातवाचा हात धरून चालत पार केलं तरी धाव पूर्ण झाली.

400 जण येतील असं धरून हिशेब मांडला आहे. सगळ्यात मोठी गरज माणसांची आहे. मार्गावर 7 वळणं आहेत आणि प्रत्येक वळणावर दोघं हवेत: एक वाट दाखवायला, दुसरा स्कूटर थांबवायला. एकट्यानं दोन्ही कामं केली की पुढचे दहाजण सरळ निघून जातात आणि मागचे त्यांच्यामागं. वळणावर त्याच आळीतली माणसं असली तर उत्तम, कारण तिथली कुत्री त्यांना ओळखतात. धावणाऱ्या अनोळखी पायांमागं कुत्रं हमखास लागतं. बावखलाला, म्हणजे वाटेतल्या तळ्याला, कठडा नाही, तिथं पोहता येणारी दोन तरुण माणसं आणि एक लांब दोर लागेल.

पाणी मार्गावर दोन ठिकाणी माणशी दीडशे मिलिलिटर, म्हणजे 120 लिटर. शेवटी माणशी 400, म्हणजे आणखी 160. सांडलवंड धरून 20 लिटरचे 16 जार लागतील. प्लास्टिकचे पेले नकोत. घरचे स्टीलचे पेले नाव घालून द्या, 300 हवेत. शिवाय विसळायला चार टोप. पाण्याचं एकच टेबल लावलं की सगळे त्यावरच तुटून पडतात, म्हणून प्रत्येक ठिकाणी पंधरा पावलं पुढं दुसरं टेबल असेल. टेबलं आणि ती सांभाळणारी माणसं, दोन्ही द्या.

वाडीवाल्यांकडे केळी मागतो आहोत. वेलची माणशी दोन, म्हणजे 67 डझन. राजेळी नको, ती सुकेळीला, म्हणजे सुकवायलाच बरी.

छातीवरच्या क्रमांकाला चार टाचण्या लागतात. दोनच लावल्या तर कागद फडफडतो आणि फाटतो. तेव्हा 1600 सेफ्टी पिना हव्यात, कुणी दुकानदार देईल का? मुलांच्या क्रमांकामागं पालकांचा मोबाइल नंबर बॉलपेननं लिहायचा. स्केचपेनची शाई घामानं पसरते. एका घराला एकच क्रमांक मिळेल, आणि तोच क्रमांक लावलेलं मोठं माणूस आल्याशिवाय मूल पटांगणाबाहेर सोडलं जाणार नाही. फाटकावरचं हे काम शिक्षिका किंवा सिस्टरांनी घेतलं तर निभेल. ओळखीच्या काकांना ‘नाही’ म्हणायला तरुण पोरं कचरतात.

बाण काढायला रांगोळी द्या. चुना नको, मुलांच्या डोळ्यांत गेला तर भाजतो. एक डॉक्टर, दोन नर्स आणि एक रुग्णवाहिका साडेसहा ते साडेनऊ हजर लागेल. पोलीस ठाण्याची आणि पालिकेची परवानगी समिती पाहते आहे.

रोख देणगीतून आधी रुग्णवाहिका आणि छपाई भागवू. उरेल ते सगळं डायलिसिसवर असलेल्या शेजाऱ्यांच्या रिक्षाभाड्याला जाईल. आठवड्यातून दोन-तीनदा जा-ये असते. उपचार मोफत मिळाले तरी भाडं घरच्यांनाच भरावं लागतं. देणगी फक्त चर्चच्या कार्यालयात द्या आणि पावती घ्या. घरोघरी कुणीही पैसे मागायला येणार नाही. जमाखर्च धावेनंतरच्या दुसऱ्या रविवारी सूचनाफलकावर लागेल.

स्वयंसेवकांनी 10 जानेवारीपर्यंत कार्यालयात नावं द्यावीत, सोबत आपली आळीही लिहावी. धावेच्या आदल्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी पाचला, सगळा मार्ग पायी फिरून आपापलं वळण पाहून ठेवायचं आहे. ज्यांना शनिवारी जमणार नाही त्यांनी वळण घेऊ नये, पेले विसळायला यावं.