भाडेकरूंच्या कामाविषयी आई-बाबांना

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

भाडेकरूंच्या संघटनेचे काम मी हाती घेतल्यापासून तुम्हा दोघांना काळजी लागली आहे, हे मला ठाऊक आहे. घरमालकाशी वाकडे घेऊ नये, पटत नसेल तर दुसरे घर पाहावे, असे बाबा म्हणाले. एकट्या कुटुंबापुरते ते शहाणपणाचेच आहे. परंतु गळक्या छताला कंटाळून एक कुटुंब निघून गेले की त्याच छताखाली दुसरे येते, आणि छत गळतच राहते.

दुरुस्ती, अनामत रकमेची परतफेड, भाडेवाढीवरील मर्यादा या सगळ्या मागण्यांच्या मुळाशी माझ्या मते एकच हक्क आहे, तो म्हणजे सबळ कारणाशिवाय घर रिकामे करावे न लागण्याचा. मुदत संपताच कारण न सांगता बाहेर काढता येत असेल, तर कायद्याने दुरुस्ती मालकावर सोपवलेली असूनही भाडेकरू ती मागायला धजावत नाही, कारण तक्रारीचे उत्तर नोटिशीने मिळेल आणि वर्षाच्या मध्येच मुलांची शाळा बदलावी लागेल, ही धास्ती त्याच्या मनात असते. स्कॉटलंडने २०१६ च्या कायद्याने नव्या खासगी भाडेकरारांपुरती ही पद्धत बंद केली. इंग्लंडमध्ये तसा कायदा होण्यास २०२५ साल उजाडले, तेही भाडेकरूंच्या संघटनांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केल्यावर.

आई, ग्लासगोच्या बायकांची हकीकत तुला विशेष आवडेल. पहिल्या महायुद्धात तिथल्या कारखान्यांकडे कामगारांचा लोंढा आला आणि मालकांनी भाडी वाढवली. तेव्हा गोव्हन भागात मेरी बार्बर आणि तिच्या शेजारणींनी समित्या बांधल्या, वाढीव भाडे देण्यास नकार दिला, आणि घर खाली करवून घेणारा अधिकारी आला की घंटा वाजवून साऱ्याजणी जिना अडवून उभ्या राहत. १७ नोव्हेंबर १९१५ रोजी भाडेकरूंवरील खटल्यांच्या वेळी हजारो लोक न्यायालयाबाहेर जमले. खटले मागे घेतले गेले आणि वर्ष संपण्यापूर्वीच ब्रिटिश संसदेने लहान घरांची भाडी युद्धापूर्वीच्या पातळीवर गोठवणारा कायदा केला.

आमचे काम इतके मोठे नाही. आम्ही दारोदार जातो, आणि बहुतेक वेळ बोलण्यापेक्षा ऐकण्यात जातो. सर्वांत अवघड असतो तो लोकांच्या मनातला संकोच, कारण आपली अडचण आपल्या एकट्याचीच आहे असे प्रत्येकाला वाटत असते. अनामतीतून रंगकामाचे पैसे शेजाऱ्याचेही कापले गेले, हे कळल्यावर माणसे मोकळेपणाने बोलू लागतात. मग पावत्या, ओलीची छायाचित्रे आणि तक्रारींच्या तारखा गोळा होतात, आणि सर्वांच्या सह्यांचे एकच पत्र मालकाकडे जाते, म्हणजे कोणा एकावर राग निघत नाही.

बाबा, तुम्हीही वरचा मजला भाड्याने दिलेला आहे, म्हणून हे स्पष्ट लिहिते. भाडे थकले किंवा घर खरोखरच स्वतःला राहण्यासाठी हवे असले, तर ते परत मागण्याचा मालकाचा हक्क आम्हाला मान्य आहे. ते कारण लेखी द्यावे आणि दुसरे घर शोधण्यास पुरेशी मुदत द्यावी, एवढेच आमचे म्हणणे आहे. वरच्या मंडळींचा करार पुढच्या वेळी कराल तेव्हा ही दोन कलमे त्यात घालावीत, अशी विनंती आहे. त्यांचा मसुदा मी करून पाठवीन.

तुमची,
लेक